घरची शाळा : ‘कशावरून ?’

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे या सदराकडे एक प्रश्न हटकून येतो. मुलांना मोटारींत घालून गडकिल्ले, लेणीं, जुनीं देवळें दाखवावीं असें घरांतील वडीलधाऱ्यांस वाटतें. परंतु मुलें तेथें गेल्यावर कंटाळतात, ‘या दगडांत पाहावयाचें तें काय?’ असें विचारितात, आणि आईबापांच्या मोबाईलकडे हात पुढें करितात. यास उपाय काय ? एका भगिनीनें तर असें लिहिलें आहे कीं, दोन दिवसांत पांच स्थळें दाखवूनही घरीं परतल्यावर मुलाला वाटेंतील मिसळ तेवढी आठवत होती !

मिसळ आठवली यांत मुलाचा दोष नाहीं. मिसळ त्यानें स्वतः खाल्ली होती. इतिहास मात्र दुसऱ्यांनीं चावून त्याच्या तोंडांत घातला होता. ‘येथें अमुक लढाई झाली, तेथें तमुक राहत असत’ हीं वाक्यें आपण धडा म्हणून दाखविल्यासारखीं म्हणतों, मुलाला तोफेपाशीं उभें करून छायाचित्र काढतों, आणि पुढच्या स्थळाकडे मोटार वळवितों. मुलानें करावयाचें असें कांहीं आपण शिल्लकच ठेवीत नाहीं. तीन तपें शाळेंत शिकविण्याचें काम केल्यावर माझें असें मत झालें आहे कीं, इतिहास शिकविणें म्हणजे उत्तरें सांगणें नव्हे. ‘कशावरून ?’ हा एक प्रश्न विचारण्याची संवय मुलाला लागली, तर बाकीचा इतिहास तें आपण होऊन शिकतें. आणि ही संवय लावण्यास प्रवासासारखी दुसरी शाळा नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रांत ज्ञानाच्या साधनांस प्रमाणें म्हणतात. नैयायिक तीं चार मानितात. दहा वर्षांच्या मुलास तीन पुरेत. डोळ्यांस दिसतें तें प्रत्यक्ष. दिसलेल्यावरून बुद्धि जें काढते तें अनुमान. दुसऱ्यानें सांगितल्यावरून कळतें तें शब्द. यांतील शब्द हा प्रमाण केव्हां, तर सांगणारा आप्त म्हणजे विश्वासार्ह असेल तेव्हां, ही अट मुलाला मुद्दाम समजावून द्यावी. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब जुन्नरकडे निघालों, त्या वेळीं नातवाच्या वहीच्या प्रत्येक पानावर मीं तीन रकाने आंखून दिले : ‘दिसलें’, ‘ताडलें’ आणि ‘ऐकलें’. तिसऱ्या रकान्यांत कांहीं लिहावयाचें तर कोणाकडून ऐकलें तेंही लिहिलेंच पाहिजे, एवढाच नियम. मोटारींत आमचे थोरले बंधु अण्णा, मी, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि नातू अशीं सहा माणसें होतों. मुक्काम दोन दिवसांचा होता.

पुणें-नाशिक रस्त्यावर पहिलें स्थळ चाकण. आज चाकण म्हटलें कीं मोटारींचे कारखाने आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढें येतात. त्या गजबजाटांत संग्रामदुर्ग हा भुईकोट दडलेला आहे. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या अफाट फौजेनें या लहानशा कोटास वेढा घातला, आणि फिरंगोजी नरसाळा यानें तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हां कोट पडला. दिसावयास फार थोडें उरलें आहे. पडके बुरूज, तटाचा भाग, खंदकाची खूण, एवढें लिहून झाल्यावर नातवानें विचारलें, “एवढ्याशा किल्ल्याला इतके दिवस कां लागले ?” मीं उत्तर दिलें नाहीं, वेढ्याचे दिवस मात्र सांगितले. जूनच्या उत्तरार्धांत वेढा पडला आणि ऑगस्टच्या मध्यास उठला. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे सगळा पावसाळा ! खंदक भरला असेल, दारू भिजली असेल.” हें त्याचें पहिलें अनुमान. मीं तेंच आयतें सांगितलें असतें, तर वहींत उतरलें असतें आणि डोक्यांतून गेलें असतें.

पुढें राजगुरुनगर. आमच्या पिढीच्या तोंडीं अजून खेडच आहे. भीमेच्या कांठीं हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा वाडा आहे. तेथें ‘ऐकलें’ आणि ‘दिसलें’ यांतील अंतर फार थोडें. जन्म २४ ऑगस्ट १९०८; लाहोरच्या तुरुंगांत भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फांशी २३ मार्च १९३१. नातवानें वहीच्या कडेला वजाबाकी केली आणि आईकडे पाहून म्हणाला, “बावीस वर्षें. म्हणजे आपल्या मामाएवढे.” त्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं, आणि तें बरेंच झालें. अशा जागीं भाषण करण्याचा मोह वडिलांनीं आवरावा.

दुपार उतरतांना शिवनेरी चढूं लागलों. वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. प्रत्येक दरवाजाशीं वाट कशी वळते आणि वरून मारा कोठून करतां येतो, हें मुलाला स्वतः उभें राहून शोधूं द्यावें. मध्यें शिवाई देवीचें स्थान आहे. सौभाग्यवती तेथें विसावल्या. वर अंबरखान्याची पडकी इमारत आहे आणि जागोजाग खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत. गंगा-जमुना या टांक्यांत वाकून पाहतांना नातवानें ताडलें कीं, डोंगरावर नदी नाहीं, विहीर नाहीं, तरी इतकें पाणी सांठविलें; त्या अर्थी येथें पुष्कळ माणसें दीर्घकाळ राहत असलीं पाहिजेत. याच डोंगराच्या कड्यांत बौद्ध भिक्षूंचीं लेणीं आहेत; तीं किल्ल्याहून कितीतरी जुनीं. जुलै २०२५ मध्यें ‘युनेस्को’नें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांत शिवनेरी आहे. आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी, कारण ती त्यांस चटका लावते : ज्या गडावर महाराजांचा जन्म झाला, तो गड त्यांच्या हयातींत स्वराज्यांत येऊं शकला नाहीं. १६५७ सालीं त्यांनीं जुन्नर शहरावर छापा घातला. परंतु शिवनेरी मोगलांकडेच राहिला.

नंतर आम्ही जन्मस्थानाच्या इमारतींत गेलों. अण्णांचें वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखतात, तरी काठी टेकीत ते वरपर्यंत आले होते. तरुणपणापासून अनेक वर्षें ते जयंतीस या गडावर येत असत. त्यांनीं पाळण्यापुढें डोकें टेकलें. आम्हीं सर्वांनीं नमस्कार केला. नातवानेंही केला, आणि मग वही उघडून त्यानें सरळपणें विचारलें, “मोठे आजोबा, हीच खोली कशावरून?”

अण्णांचा चेहरा एकदम बदलला. “येथें असलें विचारावयाचें नसतें,” एवढेंच ते बोलले. आवाज मोठा नव्हता. पण मुलानें वही मिटली. गड उतरेपर्यंत तो एक शब्द बोलला नाहीं. मोटारींतही गप्प होता. एका वाक्यानें मुलाचें तोंड बंद करतां येतें. तें पुन्हां उघडणें फार कठीण असतें, हें मास्तरकींत मीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं ती संध्याकाळ मला जड गेली.

जुन्नरास मुक्कामावर जेवणें झालीं, मूल झोंपीं गेलें, तेव्हां मी अण्णांना म्हणालों, “त्याच्या वहींत शिवनेरीचें पान अर्धें कोरें राहिलें आहे.”

“त्याला महाराजांच्या जन्माचा पुरावा हवा काय ?” अण्णा म्हणाले. “आपण कधीं विचारलें असें ? नमस्कार करतांना प्रश्न सुचला, तर तो नमस्कार कसला ?”

“अण्णा, आपल्या लहानपणीं जयंती कोणत्या महिन्यांत होत असे, आठवतें ?”

“वैशाखांत.”

“आणि आतां ?”

अण्णा थोडे थांबले. “तें संशोधकांनीं ठरविलें. त्याची गोष्ट निराळी.”

ती गोष्ट निराळी नव्हती, आणि म्हणूनच ती येथें थोडी विस्तारानें सांगतों. पूर्वीं महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ सालीं झाला असें मानीत. कारीच्या जेधे घराण्यानें एक शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची टिपणवही, पिढ्यान् पिढ्या जपून ठेविली होती. तींत जन्मतिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी निघाली. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही शकावली १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली ती लोकमान्य टिळकांनीं. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांतही हीच तिथि मिळते. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, वादविवाद बरींच वर्षें चालला, आणि अखेर या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्र शासनानेंही तीच तारीख मान्य केली.

आतां पाहा. १८९६ सालीं रायगडावर शिवोत्सव सुरू करण्यांत टिळक पुढें होते. महाराजांविषयींची त्यांची भक्ति कोणाहून कमी होती असें कोण म्हणेल ? आणि त्यांनींच वीस वर्षांनीं, रूढ तिथि खोटी ठरविणारा कागद हातीं येतांच, तो दडवून न ठेवतां छापून काढला. त्यांच्या नमस्कारांत उणेपणा आला नाहीं. ‘कशावरून ?’ हा प्रश्न श्रद्धेच्या विरुद्ध आहे ही आपली समजूतच चुकीची आहे. ज्याच्याविषयीं आपणांस आदर असतो, त्याच्याविषयीं खोटें कांहीं बोललें जाऊं नये अशीच आपली इच्छा असते. प्रश्न विचारणारें मूल, न कळत कां होईना, तीच इच्छा बोलून दाखवीत असतें. उलट, ज्या मुलाला एकदां ‘विचारूं नको’ म्हणून सांगितलें, तें पुढें दोहोंपैकीं एक करितें : कोणीं कांहींही सांगितलें तरी मान डोलावतें, किंवा मोठें झाल्यावर सगळेंच खोटें म्हणून सोडून देतें. एकत्र कुटुंबांत वडिलांनीं या दोन्ही गोष्टींना भ्यावें.

हें सर्व अण्णांनीं ऐकून घेतलें. उत्तर दिलें नाहीं. सकाळीं चहाच्या वेळीं मात्र त्यांनीं नातवाला जवळ बोलाविलें आणि म्हणाले, “वही आण. तिसऱ्या रकान्यांत लिही. महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला याला जुन्या ग्रंथांची साक्ष आहे. ही खोली मात्र परंपरेनें दाखवितात. पाळणा मागाहून ठेवलेला आहे. लिहिलेंस ? आतां खालीं लिही, मोठे आजोबा तेथें नमस्कार करतात.” मुलानें विचारलें, “हें कोणत्या रकान्यांत ?” अण्णा म्हणाले, “दिसलें या रकान्यांत. तूं पाहिलेंस ना ?”

दुसऱ्या दिवशीं प्रथम लेण्याद्रि. पायऱ्या तीनशेंच्या आसपास आहेत. वृद्धांनीं उन्हापूर्वीं चढावें. गिरिजात्मजाचें दर्शन घेतांना बहुतेक भाविकांच्या लक्षांत येत नाहीं कीं, ज्या विस्तीर्ण, बिनखांबी दालनांत आपण उभे आहों तो मूळचा बौद्ध विहार आहे. बाजूंच्या लहान लहान कोठड्या पाहून नातवानें ‘येथें पुष्कळ जण एकेकटे राहत असावे’ असें ताडलें; मग शेजारचें चैत्यगृह व त्यांतील स्तूप दाखविल्यावर त्याला उलगडा झाला. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत. त्यांत कारागिरांच्या श्रेणी आहेत, तसेच यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी गृहस्थही आहेत. जुन्नरच्या बाजारांत दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशी येत असत, हें ऐकून मुलाला स्वाभाविकच प्रश्न पडला कीं, ते आले कोणत्या वाटेनें ?

त्याचें उत्तर नाणेघाटांत आहे. जुन्नरहून पश्चिमेस जाणारा रस्ता थेट घाटमाथ्यापर्यंत मोटारीस योग्य आहे. वाटेच्या आजूबाजूस हडसर, चावंड, जीवधन असे किल्ले दिसतात. ‘एकाच वाटेवर इतके पहारेकरी कां ?’ एवढें विचारलें कीं मूल ओळखतें, या वाटेनें कांहींतरी मौल्यवान जात असणार. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटानें वर चढून जुन्नरास आणि पुढें प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास, जात असे.

घाटमाथ्याच्या किंचित् खालीं, कोंकणच्या बाजूस, एक चौकोनी लेणें आहे. मागच्या भिंतीवर एके काळीं सातवाहन राजकुळांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका व राजा सातकर्णि, कुमार, महारठी अशीं नांवें वर कोरलेलीं आहेत. मूर्ति नाहींशा झाल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नातवानें त्या बोटांनीं दाखविल्या आणि ‘दिसलें’ मध्यें ‘पाय’ असें लिहिलें, ‘ताडलें’ मध्यें ‘माणसें’.

बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा. कांहीं विद्वान् तो आणखी मागें नेतात. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांस नमन करून तो सुरू होतो, आणि पुढें अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची व दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणीं यांची मोजदाद करतो. आम्ही शिकलींसवरलीं माणसें त्या भिंतीपुढें उभीं होतों, आणि एकालाही अक्षर लागत नव्हतें. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीचीच पूर्वज. लिपि ब्राह्मी, म्हणजे आपल्या देवनागरीचेंच मूळ. तरीही भिंत आमच्याशीं बोलेना. १८२८ सालीं कर्नल साइक्स यानें हें लेणें पाहिलें, तेव्हां ही लिपि वाचणारा जगांत कोणी नव्हता. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मीचा उलगडा केला. आणि पुढें भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदि पंडितांनीं झिजलेलीं अक्षरें जुळवून या लेखाचा अर्थ लावला.

लेखांतील दक्षिणेचे आंकडे चिन्हांनीं कोरलेले आहेत. भारतीय अंकांच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळीं चिन्हें आहेत, शून्य नाहीं. ‘शून्याशिवाय शंभर !’ या एका आश्चर्यावर मुलानें परतीचा अर्धा रस्ता काढला. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं यांत टाकीत, म्हणून हा नाणेघाट, असें तेथें सगळेच सांगतात. वहींत तें तिसऱ्या रकान्यांत उतरलें, ‘चहावाल्या काकांकडून’ अशा साक्षीसह.

अशा प्रवासास निघणाऱ्यांस चार सूचना. पहिली, दिवसाला दोन, फार तर तीन स्थळें, पांच नव्हेत. दुसरी, प्रत्येक स्थळीं प्रथम घटकाभर मुलाला नुसतें पाहूं द्यावें आणि मगच बोलावें. तिसरी, मुलाच्या अनुमानास हंसूं नये. चुकलें असेल तर ‘मग अमुक गोष्ट कां दिसते?’ असें विचारून त्यालाच दुरुस्त करूं द्यावें. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक नाहीं, तेथें ‘ठाऊक नाहीं, घरीं जाऊन शोधूं’ असें म्हणण्यास आजोबांनीं लाजूं नये. आजोबा सर्वज्ञ आहेत ही समजूत नातवंडांत फार दिवस टिकत नाहीं. आजोबा खरें बोलतात ही समजूत जन्मभर टिकते.

आणखी एक गोष्ट घराकडेच पाहावयास लावते. जेध्यांची शकावली कांहीं बादशाही दफ्तरांतून निघाली नाहीं. ती एका कुटुंबानें सांभाळली. पुष्कळ घरांच्या माळ्यावर आजही मोडी कागदांचीं बासनें पडून आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत आपल्याच आजापणजांचें अक्षर आपणांस नाणेघाटाच्या भिंतीसारखें झालें. आमच्याही घरीं असें एक बासन आहे. ‘त्यांत काय आहे ?’ असें नातवानें विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, “जमिनीचें कांहीं तरी असेल.” त्यावर काय प्रश्न आला असेल तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. सूनबाईंनीं आतां मोडीच्या वर्गांत नांव घातलें आहे, आणि आठवड्याला शिकलेलीं अक्षरें त्या मुलाला गिरवून दाखवितात.

ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं तें बासन या सुटींतच खालीं काढावें. कागद कडक उन्हांत टाकूं नयेत. सावलींत, कोरड्या जागीं, अलगद उलगडावे. फाटलेल्या ठिकाणीं चिकटपट्टी लावूं नये. प्रत्येक कागदाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घेऊन ठेवावें, त्यास क्रमांक द्यावा, आणि मग तो स्वच्छ सुती कापडांत बांधावा. मोडी शिकविणारे वर्ग पुण्यांत व अन्यत्र चालतात. घरांतील एकानें तरी ती शिकावी. किल्ले सांभाळण्यास सरकार आहे, जग आहे. माळ्यावरचें बासन सांभाळण्यास आपल्यावांचून दुसरें कोणी नाहीं.